चार दारांचं घर : व्हिला गेसेलची पायी सहल, संग्रहालय आणि दीपगृह

आधी तक्रार सांगून टाकते, म्हणजे पुढे कौतुक करायला मोकळी.

व्हिला गेसेल या अर्जेंटिनातल्या समुद्रकाठच्या गावात आम्ही ‘गावाचा इतिहास’ नावाची पायी सहल घेतली. सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड, सोबत वाटाड्या. त्या चार तासांत सगळ्यात जास्त वेळ कुणाला मिळाला असेल? पाणबुड्यांना! दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मन पाणबुड्या म्हणे रात्री इथल्या किनाऱ्याला लागायच्या, माणसं उतरायची, पेट्या उतरायच्या. वाटाड्या तरुण होता, आवाज खणखणीत, हातवारे नाटकातल्यासारखे. लेक भराभर भाषांतर करत होती. १९४५ साली जर्मनीचा पाडाव झाल्यावर यू-५३० जुलैत आणि यू-९७७ ऑगस्टमध्ये अर्जेंटिनात येऊन शरण गेली, हे खरंच आहे. पण त्या आल्या मार देल प्लाता बंदरात, इथून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, दिवसाढवळ्या कागदोपत्री नोंद होऊन. बाकी सगळा फोडणीचा मसाला. या गावाची खरी गोष्ट, म्हणजे गाव वसवणाऱ्या डॉन कार्लोस गेसेलनं उडती वाळू जागच्या जागी कशी बसवली, ती त्यानं दोन वाक्यांत उरकली. “डॉन कार्लोसनी पाइन लावले. मग गाव झालं.”

झालं! मी एकतीस वर्षं वनखात्याच्या रोपवाटिकेत काढली, त्यातली नऊ किनाऱ्यावर सुरूची झाडं लावण्यात. वाळूत झाड लावणं म्हणजे काय ते मला विचारा. ‘लावले, मग झालं’ असं नसतं हो. लावले, मेले, परत लावले, परत मेले, मेलेल्यांच्या जागी नवी रोपं लावून नांग्या भरल्या, त्याही मेल्या, असं असतं. मी लेकीला म्हटलं, याला विचार, आधी गवत कुठलं लावलं? तिनं विचारलं. तो हसला आणि पुढच्या कोपऱ्यावरच्या एका बंगल्यात कोणता गुप्तहेर राहायचा ते सांगायला लागला.

सहलीला पाचपैकी दोन. दोनही त्याच्या आवाजाला.

आता गाव. ब्वेनोस आयरेसपासून साधारण ३७० किलोमीटर. रेतीरो स्थानकावरून बस मिळते, पाच-सहा तासांचा प्रवास. सगळा रस्ता पाम्पाचा सपाट गवताळ मुलूख. गाई, तारेची कुंपणं, पवनचक्क्या, परत गाई. नजर अडेल असं काही नाही. आणि मग शेवटी शेवटी क्षितिजावर एक काळपट पट्टा उठतो. लेक म्हणाली ढग आहेत. मी म्हटलं, बाई, झाडं आहेत. त्या झाडांच्या पलीकडे समुद्र, आणि झाडांच्या पोटात गाव. आम्ही मार्चमध्ये गेलो, तिकडचा शरद ऋतू. जानेवारीत इथं पाय ठेवायला जागा नसते असं सगळे सांगतात, तेव्हा मार्चच बरा. फक्त संध्याकाळी स्वेटर लागतो.

गावात पोचल्यावर आधी ‘पिनार देल नोर्ते’ गाठा, म्हणजे उत्तरेचं पाइनचं बन. डॉन कार्लोसचं पहिलं घर तिथंच आहे. आज ते गावाचं ऐतिहासिक संग्रहालय आहे. घर म्हणावं तर बेताचंच, पण त्याला चार दिशांना चार दारं. हौस म्हणून नाही. १९३१ साली हे घर बांधलं तेव्हा आसपास एक झाड नव्हतं, होती ती नुसती चालती वाळू. रात्रीत वारा फिरला की एका बाजूचं दार वाळूनं बुजायचं. मग माणसानं बाहेर पडायचं कुठून? जे दार उघडेल तिथून. म्हणून चार.

मी घराला बाहेरून एक फेरी मारली आणि चारही दारं मोजली. आज चारही दारांतून फक्त झाडंच दिसतात. खाली सुयांचा असा जाड थर की पावलाचा आवाज होत नाही. मी काठीनं तो थर उकरून पाहिला. वर तपकिरी सुया, खाली अर्धवट कुजलेला काळा चुरा, त्याखाली राखाडी झालेली वाळू आणि आणखी खाली तीच पिवळी, स्वच्छ, दाणेदार वाळू. नव्वद वर्षांत वीतभर माती! एक राखणदार बाई लांबून बघत होत्या. लेकीनं त्यांना माझा हुद्दा सांगितला, तेव्हा त्या हसल्या आणि काठी आत नेऊ नका एवढंच म्हणाल्या.

आत जुने फोटो आहेत. बोडक्या वाळूच्या टेकड्यांमध्ये हे एकटं घर बसलेलं आहे, ना सावली, ना कुंपण. त्या फोटोसमोर मी बराच वेळ उभी राहिले. माहितीफलक स्पॅनिशमध्ये, त्यामुळे भाषा येणारं कुणी बरोबर असलेलं बरं.

हा कार्लोस इदाओ गेसेल मूळचा दुकानदार. जन्म १८९१चा, ब्वेनोस आयरेसमधला. ‘कासा गेसेल’ हे घराण्याचं दुकान, त्यात लहान मुलांच्या वस्तू मिळायच्या, पाळणे आणि बाबागाड्या. पाळण्यांना लाकूड लागतं, ते बाहेरून विकत घेण्यापेक्षा आपणच का पिकवू नये, हा त्याचा हिशेब. म्हणून त्यानं १९३१ साली समुद्रकाठची १,६४८ हेक्टर जमीन घेतली. जमीन कसली, वाळूच. गुरं चरायची नाहीत, नांगर चालायचा नाही, आसपासचे जमीनदार तिच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. लोकांनी त्याला ‘एल लोको दे लोस मेदानोस’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरचा वेडा. सुट्टीचं गाव वसवायचं हे तेव्हा त्याच्या डोक्यातही नव्हतं. पाळण्याच्या लाकडासाठी निघालेला माणूस गाव वसवून बसला.

या वेडाला शेजार मात्र होता. उत्तरेला कारिलो नावाची जागा आहे. तिथं एक्तोर मान्वेल गेरेरो या जमीनदारानं आधीच वाळूवर झाडं जगवायला घेतली होती. कारिलो हा मापुचे भाषेतला शब्द, अर्थ हिरवी टेकडी. म्हणजे काम अशक्य नाही हे कार्लोसला दिसत होतं. कसं करायचं ते मात्र ज्याचं त्यानं शिकायचं होतं, कारण वाळू दर दहा किलोमीटरला आपला स्वभाव बदलते.

पहिल्या लागवडी साफ गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यानंतर जिवंत रोपांची टक्केवारी कळवावी लागायची, आणि ती घसरली की साहेबांचा फोन. इथं याची टक्केवारी शून्याच्या आसपास आणि साहेब हा स्वतःच! माझी तर बदली झाली असती.

रोप मरतं का, ते वाटाड्यानं सांगितलं नाही म्हणून मी सांगते. लोकांना वाटतं पाणी नसतं म्हणून. तसं नाही. टेकड्यांच्या मधल्या खोलगटात हातभर-दोन हात उकरलं की ओल लागते. आजही या गावाचं पिण्याचं पाणी टेकड्यांत मुरलेल्या पावसाचंच आहे. रोप मारतो तो वारा. वाळूचे कण जमिनीलगत टणाटण उड्या मारत जातात आणि घोट्याएवढ्या उंचीवर रोपाची साल कानशीनं घासावी तशी सोलतात. वाऱ्याच्या बाजूला मुळं उघडी पडतात, आडोशाच्या बाजूला शेंडा गाडला जातो. त्यात समुद्राचा खार. पाइनचं विताएवढं पोर तिथं काय तग धरणार?

म्हणून क्रम उलटा लावावा लागतो. झाड शेवटी. आधी काटक गवत, ज्याला तिकडे एस्पार्तो म्हणतात. या गवताची गंमत अशी की वाळू जितकी अंगावर पडेल तितकं ते वर येतं, पेरापेरातून नवी मुळं सोडतं आणि खालची वाळू जाळ्यात धरून ठेवतं. गाडलं तर मरायचं सोडून ते वाढतं. मग मेलिलोतुस, ही द्विदल, जमिनीत नत्र धरणारी. मग ऑस्ट्रेलियातून आणलेली ‘आकासिया त्रिनेर्विस’, भराभर वाढणारी, आडोसा करणारी. कोकणात जिला आपण ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो तिचीच चुलत बहीण. आणि तिच्या पाठीशी, वारा लागणार नाही अशा बेतानं, पाइन. कार्लोसची अनेक वर्षं आणि बराच पैसा हा क्रम सापडण्यात गेला. शिकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ तो नव्हता. खटपट्या होता, नव्या वस्तू शोधून काढायचा नाद होता. पेरायचं, मोजायचं, मेलं तर दुसरं. रोपवाटिकेत याहून वेगळं आम्ही तरी काय करत होतो?

त्याच्या बापाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय गावाची पुढची गोष्ट लागत नाही. बाप सिल्व्हिओ गेसेल, जर्मन व्यापारी, १८८७ साली ब्वेनोस आयरेसला आला. तिथला आर्थिक बोजवारा बघून तो अर्थशास्त्राकडे वळला. त्याचं म्हणणं असं की धान्य कुजतं, लोखंड गंजतं, मग पैशानंच का ताजं राहावं? पैसाही झिजला पाहिजे, म्हणजे कुणी तो दाबून ठेवणार नाही. १९१९ साली बव्हेरियात जे औट घटकेचं क्रांतिसरकार आलं, त्यात हा जेमतेम आठवडाभर अर्थमंत्री होता. नामवंत ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सनं आपल्या १९३६च्या ग्रंथात त्याची आदरानं दखल घेतली आहे. मुलानं जमीन घेतली त्याच्या आदल्याच वर्षी बाप वारला होता. गावातल्या एका मोठ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे.

१९४० साली कार्लोसनं भाड्यानं द्यायला एक छोटं घर बांधलं, नाव ‘ला गोलोन्द्रिना’, म्हणजे पाकोळी. लोक येऊन राहायला लागले. लाकूड विकून खर्च निघायला पाइन मोठे व्हायला हवेत, त्याला वेळ. सावली आणि समुद्र मात्र आत्ताच विकता येतात, हे त्याला उमगलं. मग त्यानं जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले आणि ‘प्लान गालोपान्ते’ नावाची योजना आणली, म्हणजे भरधाव योजना. जो प्लॉट घेऊन लगेच घर बांधेल त्याला किमतीत मोठी सूट. नुसता प्लॉट अडवून भाव चढायची वाट बघणाऱ्याला काही नाही. आता बापाचा पैसा आठवा! दाबून ठेवाल तर झिजेल. मला हे संग्रहालयाच्या पायरीवर बसल्या बसल्या सुचलं आणि मी लेकीला सांगितलं. तिचं अर्थशास्त्र झालंय. “आई, हे तू माझ्या परीक्षेच्या वेळी का नाही सांगितलंस?” म्हणाली.

रस्त्यांची आखणी नीट बघायची तर गावाच्या जुन्या, उत्तरेकडच्या भागात पायी फिरा, वाटाड्या न घेता. नकाशावर बघितलंत तर गाव सोपं आहे. समुद्राला समांतर ते ‘आवेनिदा’, समुद्राकडे उतरणारे ते ‘पासेओ’, आणि सगळ्यांना नंबर. पासेओंचे नंबर शंभराच्या पुढचे, त्यामुळे पत्ता सांगायला दोन आकडे पुरतात. पण जुन्या भागात नंबर असले तरी रस्ते सरळ नाहीत. टेकडी जशी वळली तसा रस्ता वळतो, चढतो, उतरतो. टेकडी कापून रस्ता काढला असता तर कापलेल्या जागी वाळू परत मोकळी झाली असती. तो वळणदार रस्ता कुणाला शोभेचा वाटेल, मला तो काटकसरीचा वाटला. त्या रस्त्यांवर चालताना समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि पाइनचा वास नाकात बसतो.

वाळूचं न ऐकणाऱ्यांचं काय झालं तेही जवळच आहे. वीसेक किलोमीटर उत्तरेला ओस्तेंदे. १९१३च्या सुमारास बेल्जियन मंडळींनी आपल्या देशातल्या ओस्टेंडच्या नावानं हे शहर काढलं. समुद्राकाठी ऐटबाज फिरण्याचा कट्टा, मोठं हॉटेल. जवळचं रेल्वे स्थानक होतं हुआंचो, तिथून पुढं घोडागाडी. नकाशा सुंदर, पण वाळू बांधलेली नव्हती. वरून १९१४चं महायुद्ध आलं, पैसा आटला आणि कट्टा वाळूखाली गेला. हॉटेल मात्र अजून चालू आहे, टपाल विमानं उडवणारा फ्रेंच लेखक सेंत-एक्झुपेरी तिथं उतरायचा असं सांगतात. आम्ही तिथं फक्त कॉफी प्यायलो. कॉफी कडू. हॉटेलच्या पलीकडेच पिनामार आहे, वास्तुरचनाकार होर्हे बुंगे याचं, १९४०च्या दशकातलं. नीटनेटकं, श्रीमंत, बागा कातरलेल्या. लेकीला आवडलं. मला तिथं पाय मोकळे सोडून बसावंसं वाटलं नाही.

गेसेल श्रीमंती थाटाचं कधीच नव्हतं. युद्धाच्या काळात आणि नंतर युरोपातून आलेले जर्मन, स्विस, ऑस्ट्रियन इथं वसले, साठच्या दशकात केस वाढवलेली, गिटार घेतलेली पोरं आली. दारू आणि जुगाराला नाक मुरडणाऱ्या म्हाताऱ्या कार्लोसला ही वरात कशी वाटली असेल, याचा विचार करून मला हसू येत होतं. तो १९७९ साली गेला. त्याच्या आदल्या वर्षी गावाला स्वतःचा कारभार मिळाला, तोवर ते शेजारच्या खेनेराल मादारियागाच्या हद्दीत होतं. त्यानं १९५२ साली बांधलेलं दुसरं, मोठं घरही त्याच बनात आहे. बघा, पण पहिल्याची सर त्याला नाही.

खायचं काय? ‘एल तोपो’ या दुकानातले चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या. १९६८पासून चालू आहे, रांग असतेच. आतमध्ये दुल्से दे लेचे, म्हणजे आटवलेल्या दुधाचा गोड, खवा आणि कॅरॅमल यांच्या मधला प्रकार. खारेही मिळतात, चीज भरलेले. माझे दोन गोड झाले, तिसरा लेकीच्या ताटातला. आमची केबिन मात्र मध्यम. बनातली जागा छान, पण गरम पाण्याची टाकी दुसऱ्या माणसाच्या अंघोळीपर्यंत पुरत नव्हती, आणि मालकांनी तीन दिवस ‘मान्याना’, उद्या बघतो, यावर काढले. नाव लिहीत नाही.

एक गोष्ट खटकली, ती लिहायला हवी. पाइन आणि आकासिया दोन्ही तिथल्या नव्हेत. बनाच्या खाली देशी झुडूप जवळजवळ उगवत नाही, मोठी झाडं पाणीही ओढतात, आणि ज्या छोट्या ठिपकेदार सरड्याला उघडी वाळूच लागते त्याला हाकललं आपण. मी स्वतः किनाऱ्यावर सुरूची झाडं हजारोंनी लावली आहेत, तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलू? शिवाय पुढच्या पिढीनं कार्लोसहून मोठी चूक केली. समुद्रासमोरच्या पहिल्या टेकडीवरच सिमेंट आणि डांबर ओतलं. ती टेकडी म्हणजे पुळणीची तिजोरी. वादळात समुद्र तिच्यातून वाळू घेतो आणि शांत दिवसांत परत आणून ठेवतो. तिजोरीला सिमेंटचं कुलूप घातलं तशी पुळण आक्रसायला लागली. २०००नंतरच्या दशकात गावानं किनाऱ्यावरचे सिमेंटचे ठेले पाडले आणि खांबांवरचे लाकडी उभारले, खालून वाळू वाहायला मोकळी. त्या खांबांत मी वाकून बघितलं. गवत आलंय.

शेवटच्या दिवशी फारो केरान्दीचं दीपगृह. गावाच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, रस्ता नाही, चारही चाकं ओढणारी गाडी आणि चालक भाड्यानं घ्यावा लागतो. मार आसूल ही शेवटची वस्ती संपली की झाडंही संपतात आणि सुरू होतो तो राखीव भाग, १९९६पासून जपलेली ५,७५७ हेक्टर उघडी वाळू. कार्लोसनं १९३१ साली काय विकत घेतलं होतं ते इथं कळतं. गाडीतून उतरले आणि पिंडऱ्यांना सुया टोचाव्यात तशी वाळू लागायला लागली. दीपगृह १९२२चं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, ५४ मीटर उंच, पायऱ्या २७६. मी दीडशेला बसले, दोनशेला परत बसले. वर गेल्यावर एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला टेकड्या, आणि त्यांच्या शेंड्यांवरून सतत उडणारा बारीक धूर, म्हणजे चालती वाळू. दीपगृहाच्या पायथ्याशी मात्र झाडांचं दाट वर्तुळ, त्याला वाळूत बुडू न देण्यासाठी लावलेलं. या सहलीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गाडीतल्या गाण्यांच्या आवाजासाठी कापला.

परतताना गाडी रुतली. चालकानं फळ्या घातल्या, चाकातली हवा कमी केली, आम्ही दोघी बाजूला उभ्या. गाडी निघाली तेव्हा चाकाबरोबर एस्पार्तोचा एक झुबका मुळासकट वर आला. मुळं हातभर लांब, पांढरी, वाळूचे दाणे चिकटलेली. मी चपलेच्या टोकानं खड्डा केला, झुबका आत बसवला, पेर गाडलं जाईल इतकं खोल, आणि टाचेनं चहूबाजूंनी दाबलं. चालकानं दोनदा हॉर्न वाजवला. लेकीनं त्याला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. मी आणखी एकदा दाबलं आणि मग गाडीत बसले.